पन्हाळ्याच्या नावातील पाणी

गावाचे नाव हा केवळ टपालाचा पत्ता नसतो. भूमीने माणसाला काय दिले आणि काय नाकारले, याची ती नोंद असते. कोल्हापूरच्या वायव्येस सुमारे २० किलोमीटरवरील पन्हाळा हे याचे बोलके उदाहरण होय. २०११ च्या जनगणनेत या गिरिस्थान नगरपरिषदेची लोकसंख्या जेमतेम तीन हजारांवर होती. शिलाहार राजा दुसरा भोज याची येथे राजधानी होती. १७८२ पर्यंत करवीर राज्याचा कारभारही येथूनच चाले. आज त्याच तटबंदीच्या आत घरे, शाळा आणि दुकाने नांदत आहेत.

‘पन्नगालय’, म्हणजे नागांचे निवासस्थान, ही या नावाची लोकप्रिय उपपत्ती. परंतु जुन्या लेखांत गडाची ‘प्रणालक’ व ‘पद्मनाल’ अशी नावे आढळतात. १६७३ मधील मराठ्यांच्या विजयावर जयराम पिंडे यांनी रचलेल्या संस्कृत काव्याच्या शीर्षकात तो ‘पर्णालपर्वत’ आहे. ‘प्रणाल’ म्हणजे पाणी वाहून नेणारा मार्ग. मराठीतील ‘पन्हळ’ हा शब्द त्याच कुळातला. कौलारू घराच्या पन्हळीतून पागोळ्यांचे पाणी हंड्यात धरणाऱ्या गृहिणीला ही व्युत्पत्ती समजावून सांगावी लागणार नाही.

भूगोलही याच अर्थाला पुष्टी देतो. उत्तरेस वारणेचे आणि दक्षिणेस कासारीचे खोरे. मध्ये हा डोंगर. पावसाळ्यात कोसळणारे पाणी उतारावरून दोन्हीकडे निघून जाते. माथ्यावर वस्ती करावयाची तर ते अडविणे भागच होते. सोमेश्वर तळे, सादोबा तळे, तीन मजली अंधारबाव ही त्या गरजेची अपत्ये. अंबरखान्यातील धान्यकोठारांनाही गंगा, यमुना, सरस्वती अशी नद्यांचीच नावे लाभली. १६६० मध्ये सिद्दी जौहरचा वेढा महिनोन्‌महिने सोसणाऱ्या गडाचे बळ तटाइतकेच या साठ्यांतही होते.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी वारशाच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत पन्हाळा आहे. हा गौरव खरा. पण घरदुरुस्तीवर आणि उपजीविकेवर निर्बंध येतील, ही रहिवाशांची धास्तीही निराधार म्हणता येणार नाही. वारसा म्हणजे केवळ दगड नव्हेत. तळ्याचे नाव ज्याच्या तोंडी आहे, तो रहिवासी गडाबाहेर गेला, तर नाव फलकावर उरेल आणि त्याचा अर्थ लोपेल.

म्हणून नगरपरिषदेने पेठा, तळी, विहिरी, दरवाजे व पाऊलवाटा यांच्या नावांची नोंदवही करावी. वडीलधाऱ्यांकडून माहिती घेण्याचे काम शाळेतील मुलांवर सोपवावे. त्यास खर्च नगण्य येईल. त्यासोबत तळ्यांतील गाळ काढण्याचे कामही नियमित चालावे. ज्या गावाच्या नावातच पाणी आहे, त्याच्या वारशाचे रक्षण पाण्यापासून सुरू व्हावे, हे उचितच होय.