पपनस, नाचणी आणि आपले गैरसमज

बंगळुरूच्या उत्तरेला सुमारे ४० किलोमीटरवरचे देवनहळ्ळी म्हणजे टिपू सुलतानचे जन्मगाव. २००८ साली शहराचा नवा विमानतळ इथे सुरू झाला आणि मराठी प्रवाशांनाही हे नाव माहीत झाले. पण गावाची जुनी ओळख आहे ती पपनसाची. इथल्या पपनसाला, म्हणजे कानडी लोकांच्या चकोत्याला, भौगोलिक निर्देशांक मिळालेला आहे. जमिनीचे भाव चढले, विहिरी आटल्या आणि बागा कमी होत गेल्या हे खरे. पण फळाची चव लोक विसरलेले नाहीत. ताटात मात्र मान नाचणीचा, रागीच्या गरमागरम मुद्द्याचा.

दोन्ही पदार्थ उत्तम. अडचण आहे ती त्यांच्याभोवती, आपल्या घरांतही, पसरलेल्या समजुतींची.

फळाने काय होणार?

आंबट फळाने सर्दी होते, असे अनेक आजीबाई ठामपणे सांगतात. सर्दी विषाणूमुळे होते, पपनसाच्या फोडींमुळे नव्हे. ही समजूत फार तर मुलांचे एक फळ हिरावून घेते. उलटी समजूत अधिक धोक्याची आहे: फळ नैसर्गिक, म्हणून ते कुणालाही, कधीही चालते.

१९८९ साली कॅनडातील संशोधक रक्तदाबावरील फेलोडिपिन या औषधावर मद्याचा काय परिणाम होतो ते तपासत होते. मद्याची चव लपवायला त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला. रक्तात औषधाचे प्रमाण अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त निघाले. दोष मद्याचा नव्हता, रसाचा होता! आतड्यात काही औषधे मोडणारे एक विकर असते. या फळातील द्रव्ये तेच निकामी करतात. मग नेहमीचीच गोळी जास्त मात्रेसारखी काम करते.

ग्रेपफ्रूट हे पपनसाचेच अपत्य. पपनस आणि संत्रे यांच्या संकरातून ते जन्मले. पपनसातही ही द्रव्ये असतात. म्हणून कोलेस्टेरॉलसाठी सिम्व्हास्टॅटिन किंवा ॲटोर्व्हास्टॅटिन, रक्तदाबाची काही औषधे, मूत्रपिंड बदलल्यावरचे सायक्लोस्पोरिन घेणाऱ्यांनी पपनस खाण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. गोळी सकाळी आणि फळ संध्याकाळी, ही युक्ती उपयोगी नाही. परिणाम एक दिवसाहूनही जास्त टिकू शकतो. सगळ्याच औषधांना हे लागू नाही आणि आपल्या मनाने गोळी बंद करणे तर त्याहून वाईट. नेहमीच्या संत्र्या-मोसंब्याची ही तक्रार नसते.

नाचणी कितीही?

२०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले. तेव्हापासून नाचणीला जणू औषधाचाच दर्जा मिळाला. तिचा एक गुण निर्विवाद आहे: १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तांदळात जेमतेम १०. पण मधुमेह्यांनी ती पोटभर खावी हे कुठून आले? तिचा दोनतृतीयांश भाग पिष्टच असतो आणि उष्मांक गहू-तांदळाच्या जवळपास. बारीक दळून पातळ शिजवलेली पेज तर साखर लवकर वाढवते. त्यात गूळ घातला की 'साखर नाही' असे म्हणायला मोकळे! गूळही मुख्यतः साखरच.

नाचणीत प्रथिने साधारण ७ टक्के, गव्हापेक्षा कमी. म्हणून कानडी घरांत मुद्द्यासोबत पालेभाज्या आणि डाळींचे सारू असते. मुद्दा चावायचा नाही, सारूत बुडवून गिळायचा, अशी तिकडची रीत. नवख्याची त्यात फजिती होते. बाळाला सहा महिन्यांनंतर नाचणीसत्त्व जरूर द्यावे, पण त्यावरच वाढवू नये. वरण, भाजी, फळही हवे. नाचणी भिजवून मोड आणल्यास तिच्यातील लोह अंगी लागायला मदत होते.

राहिली 'नाचणीची' बिस्किटे. पुडा उलटा करून घटकांची यादी वाचा. ज्याचे वजन जास्त, त्याचे नाव आधी, असा नियम आहे. मैदा आणि साखर नाचणीच्या आधी असतील, तर पुडा दुकानदाराला परत द्या.