सांकलिया, हसमुख धीरजलाल
(१० डिसेंबर १९०८ – २८ जानेवारी १९८९). भारतातील एक थोर पुरातत्त्वज्ञ व प्रागितिहासाचे संशोधक. जन्म मुंबई येथे. मुंबई विद्यापीठात संस्कृत व प्राचीन इतिहास या विषयांचे अध्ययन. नालंदा विद्यापीठावरील प्रबंधानंतर ते लंडनला गेले आणि गुजरातच्या पुरातत्त्वावर पीएच.डी. झाले. तेथे असताना मॉर्टिमर व्हीलर यांच्या मेडन कासल येथील उत्खननात त्यांनी भाग घेतला. १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेज संशोधन संस्थेत ते प्राध्यापक म्हणून रुजू झाले आणि १९७३ मध्ये निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिले.

रॉबर्ट ब्रूस फूट यांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गुजरातेत अश्मयुगीन हत्यारे मिळाली होती. पुराणाश्मयुग व नवाश्मयुग यांमध्ये मोठा खंड पडला असावा, असे फूट यांचे मत होते. त्याची तपासणी करण्यासाठी सांकलियांनी १९४१ मध्ये गुजरातेत मोहीम काढली. तीत मेहसाणा जिल्ह्यातील लांघणज हे स्थळ उजेडात आले.

उत्तर गुजरातचे हे मैदान वाळू व गाळ यांचे असून तेथे दगड नैसर्गिक रीत्या आढळत नाही. त्यामुळे वाळूच्या टेकाडावर सापडणारा प्रत्येक दगड माणसानेच आणलेला असणार, हे उघड होते. लांघणज येथील टेकाडात गारगोटी, चर्ट यांसारख्या दगडांची सूक्ष्मास्त्रे विपुल मिळाली. ही नखाएवढी पाती लाकडाच्या वा हाडाच्या खोबणीत बसवून बाण व सुऱ्या तयार करीत. त्यांच्याबरोबर नीलगाय, हरिण, रानडुक्कर व गेंडा यांची हाडे आढळली. गेंड्याच्या खांद्याच्या एका हाडाचा उपयोग सूक्ष्मास्त्रे घडविताना ऐरणीसारखा केला असावा, असे दिसते. आज कोरड्या असलेल्या या प्रदेशात त्या काळी गवताळ पाणथळ जागा होत्या, असे गेंड्याच्या अस्तित्वावरून अनुमान करता येते.

१९४४ ते १९६३ च्या दरम्यानच्या उत्खननांत तेथे चौदा मानवी सांगाडे मिळाले. मृतांचे हातपाय आखडून त्यांना वस्तीतच पुरलेले होते. या सांगाड्यांच्या अभ्यासात इरावती कर्वे यांचा मोठा वाटा होता. वस्तीच्या नंतरच्या काळात मृद्भांडी व तांब्याची सुरी आढळते. यावरून हे शिकारी एकाकी नव्हते, शेती व धातू जाणणाऱ्या समाजांशी त्यांची देवघेव होती, असे अभ्यासक मानतात. शिकार व अन्नसंकलन ही केवळ शेतीपूर्व अवस्था नसून शेतीच्या शेजारी दीर्घकाळ टिकलेली जीवनपद्धती होती, हा लांघणजचा महत्त्वाचा निष्कर्ष होय.

महाराष्ट्रात सांकलियांनी गोदावरी व प्रवरा या नद्यांच्या खोऱ्यांचे समन्वेषण केले. प्रवराकाठच्या नेवासे (अहिल्यानगर जिल्हा) येथील उत्खननात (१९५४–५६) ऐतिहासिक काळापासून ताम्रपाषाणयुगापर्यंतचे थर उलगडले. नदीच्या गाळखडकात त्यांना छिलक्यांवर केलेल्या तासण्या व टोचण्या मिळाल्या. हातकुऱ्हाडी व सूक्ष्मास्त्रे यांच्या दरम्यानची, म्हणजे मध्य पुराणाश्मयुगाची, ही अवस्था त्यांनी निश्चित केली. मावळ भागातील पाले येथील अर्हतांना वंदन करणारा ब्राह्मी लेख त्यांनी शोभना गोखले यांच्यासह प्रसिद्ध केला. लोहगड, भाजे, कार्ले या परिसरातील लेण्यांच्या अभ्यासात तो महत्त्वाचा ठरला.

त्यांच्या पद्धतीला मर्यादाही होत्या. नदीच्या गाळात मिळणारी हत्यारे बहुधा पाण्याने वाहून आलेली असतात. त्यांवरून काळाचा क्रम लागतो, पण माणसे कोठे राहिली, काय खाल्ले, हे समजत नाही. पुढे त्यांच्याच संस्थेतील वी. ना. मिश्र यांनी राजस्थानातील बागोर येथे, तर के. पद्दय्या यांनी कर्नाटकातील हुणसगी परिसरात मूळ वस्तिस्थानांवर भर दिला. लांघणजने या दिशेचे सूतोवाच आधीच केले होते.

पुरातत्त्व हे लोकांपर्यंत पोहोचले पाहिजे, असा सांकलियांचा आग्रह होता. संशोधनग्रंथांबरोबरच त्यांनी सामान्य वाचकांसाठीही लेखन केले. म. श्री. माटे यांच्यासह लिहिलेला महाराष्ट्रातील पुरातत्त्व हा मराठी ग्रंथ, तसेच बॉर्न फॉर आर्किऑलॉजी (१९७८) हे आत्मचरित्र उल्लेखनीय आहे. १९७४ मध्ये त्यांना पद्मभूषण हा किताब मिळाला. पुणे येथे त्यांचे निधन झाले.

शिकारी समाजांनी वास्तू वा लेख मागे ठेवले नाहीत. वाळूचे टेकाड शेतीसाठी सपाट केले किंवा नदीचा काठ खणून नेला, की त्यांचा एकमेव पुरावा नाहीसा होतो. अशी साधी दिसणारी जागाही इतिहासाचे साधन आहे, ही जाणीव रुजविणे हे सांकलियांच्या कार्याचे चिरस्थायी फलित होय.