आंघोळीचं पाणी कशावर तापवावं?

चिरनेरात घर तापवावं लागत नाही, तापवायचं ते आंघोळीचं पाणी. माझी आई अजून चुलीवरच तापवते. "लाकूड फुकटचं," ती म्हणते. मला ते पटत नाही.

दोन बादल्या, म्हणजे ४० लिटर पाणी २० अंशांनी तापवायचं तर विजेच्या रॉडला जवळपास एक युनिट लागतं. युनिट ८ रुपये धरलं तर ८ रुपये. गॅस लागतो शंभर-सव्वाशे ग्रॅम. १४.२ किलोची टाकी ८५० रुपयांना धरली, तर सातेक रुपये. उघड्या चुलीत बहुतेक उष्णता भांड्याबाहेरूनच निघून जाते, म्हणून सुकं लाकूडही दीड किलो जळतं. ८ रुपये किलोनं घेतलं तर १२ रुपये! रानातून आणलं तर पैसे वाचतात, पण डोक्यावरची मोळी आणि डोळ्यांतला धूर बाईच्याच वाट्याला येतो.

आणि याच रानावरच्या हक्कासाठी २५ सप्टेंबर १९३० रोजी, चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात, माणसांनी पोलिसांच्या गोळ्या झेलल्या. ते लाकूड फुकटचं कसं म्हणू?

विकतचं लाकूड जाळत असाल तर गॅसवर या. चूल सोडवत नसेल, तर निदान बंब घ्या आणि वाळलेलंच लाकूड घाला.