नाण्याची प्रतवारी आणि संगणक

एकच निबंध दोन परीक्षकांनी तपासला, तर गुण तंतोतंत जुळतीलच असे नाही. जुन्या नाण्यांच्या संग्राहकांनाही हीच अडचण येते. नाणे किती दुर्मीळ आहे यावर त्याची किंमत ठरते, तशीच ते किती चांगल्या स्थितीत आहे यावरही ठरते. ही स्थिती अंकात सांगणे म्हणजे प्रतवारी.

अमेरिकेत त्यासाठी १ ते ७० ही श्रेणी वापरतात. विल्यम शेल्डन यांनी ती १९४९ मध्ये तांब्याच्या जुन्या सेंटांसाठी मांडली. पुढे ती इतर नाण्यांनाही लावली गेली. त्यातले ६० ते ७० हे अंक चलनात न फिरलेल्या नाण्यांसाठी आहेत. ६५ आणि ६६ यांतला फरक नवख्याला दिसतही नाही, पण किमतीत तो मोठा असू शकतो. मग हे काम निःपक्षपाती संगणकाकडे का देऊ नये? १९९० मध्ये पीसीजीएस या अमेरिकन प्रतवारी कंपनीने मॉर्गन डॉलरसाठी ‘एक्स्पर्ट’ नावाची संगणकप्रणाली पुढे आणली. ती फार काळ चालली नाही.

यातली अडचण काय आहे ते पाहू. मॉर्गन डॉलरचा व्यास ३८.१ मिलिमीटर असतो. त्याच्या चित्रात व्यासावर १००० बिंदू घेतले, तर एक बिंदू सुमारे ०.०४ मिलिमीटरचा होतो. म्हणजे ०.१ मिलिमीटर रुंदीचा ओरखडा दोन-तीन बिंदूंत मावतो. तो शोधणे संगणकाला जमते. हे डॉलर हजार-हजारांच्या पिशव्यांत भरून ठेवत. त्यामुळे न वापरलेल्या नाण्यांवरही एकमेकांवर आपटल्याच्या खुणा असतात. पण देवीच्या गुळगुळीत गालावरची खूण जितकी खटकते, तितकी केसांत लपलेली खटकत नाही. म्हणून नुसत्या खुणा मोजून भागत नाही. त्या कोठे आहेत हेही पाहावे लागते.

खरी कसोटी चकाकीची आहे. ठसा उमटताना धातू कडेकडे सरकतो. या घर्षणाने साच्यावर केंद्राकडून कडेकडे जाणाऱ्या अतिसूक्ष्म रेषा पडतात आणि त्या नाण्यावर उतरतात. असे नाणे दिव्याखाली तिरके करून हलवले, की चाकाच्या आऱ्यांसारखे प्रकाशाचे पट्टे फिरताना दिसतात. आता कानावरचे केस सपाट दिसले, तर त्याची कारणे दोन असू शकतात: झीज किंवा मुळातच कमी दाबाने उमटलेला ठसा. झीज झाली असेल, तर तेथील चकाकी गेलेली असते. ठसा कच्चा असेल, तर ती बहुधा शिल्लक असते. एका स्थिर चित्रात हा फरक सहज हरवतो. म्हणून वेगवेगळ्या दिशांनी प्रकाश टाकून अनेक चित्रे घ्यावी लागतात.

वर्गात हे करून पाहता येईल. एक नवे आणि एक वापरून झिजलेले नाणे एकाच दिव्याखाली हळूहळू तिरके करा. कोणत्या नाण्यावर प्रकाश कसा सरकतो, याची विद्यार्थ्यांना नोंद करायला सांगा.

आजचे संगणक तज्ज्ञांनी प्रत दिलेल्या अनेक नाण्यांच्या चित्रांवरून शिकू शकतात. पण त्या तज्ज्ञांची आवडनिवड आणि त्यांच्यातले मतभेदही त्या अंकांबरोबर संगणकात उतरतात. एकाच चित्राला तो दर वेळी तोच अंक देईल. तेवढ्याने तो अंक बरोबर ठरत नाही. दर वेळी दहा ग्रॅम जास्त दाखवणारा तराजूही सुसंगतच असतो!

ओरखड्याची लांबी हे मोजमाप आहे. त्यासाठी किती अंक कापायचे, हा माणसांनी ठरवलेला संकेत आहे. पहिले काम संगणकाकडे निर्धास्त सोपवावे. दुसऱ्यासाठी आधी आपसांत नियम ठरवून ते उघडपणे लिहून ठेवावेत. उत्तरपत्रिका तपासणाऱ्या आपणा सर्वांना हे वेगळे सांगायला नकोच.