चमचा कोणता?

गेल्या पावसाळ्यातील एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर देवळाच्या ओसरीवर एक वृद्ध बाई माझी वाट पाहत उभ्या होत्या. घरी नातवाला आदल्या रात्रीपासून ढाळ लागले होते. दोनच दिवसांपूर्वी रेडिओवर कोणी डॉक्टर मीठसाखरेच्या पाण्याविषयी बोलले होते आणि बाईंनी ते मन लावून ऐकले होते. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. सारे त्यांना तोंडपाठ होते. कोणत्या केंद्रावरून ऐकले ते मात्र आठवत नव्हते. “पण फादर,” त्या म्हणाल्या, “चमचा कोणता? चहाचा, की आमटी वाढायचा?”

प्रश्न ऐकून शेजारची दोनचार माणसे हसली. मला मात्र हसू आले नाही. चमचा चहाचाच घ्यावयाचा, आणि तोही शीग न ठेवता, सपाट. वाढण्याच्या पळीने मीठ घातले तर तेच पाणी मुलाला अपायकारक होते. रक्तातील मीठ प्रमाणाबाहेर वाढून मुलाला झटकेसुद्धा येऊ शकतात. साखर अधिक पडली तर ढाळ थांबण्याऐवजी वाढतात. म्हणजे ज्या प्रश्नाला लोक हसले, त्यावर एका मुलाचे बरेवाईट अवलंबून होते. आम्ही आशाताईंकडून तयार क्षारांचे पाकीट आणविले, आणि मूल पाणी पिईनासे झाले, डोळे खोल गेले, निपचित पडू लागले किंवा ढाळेत रक्त दिसले तर घरी न थांबता तडक दवाखाना गाठावयाचा, असे बाईंना दोनदा बजावले. मूल तिसऱ्या दिवशी अंगणात खेळू लागले.

नभोवाणीवर बोलणाऱ्या त्या डॉक्टरांचे काही चुकले होते काय? तसे म्हणता येणार नाही. त्यांनी सांगितलेले प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेचेच होते. परंतु त्यांच्यासमोर बसलेल्या निवेदकाने “चमचा कोणता?” असे विचारले नाही, आणि ऐकणाऱ्या बाईंना विचारण्याची सोय नव्हती. आरोग्यतज्ज्ञांचे संवाद कितीही चांगले असले, तरी त्यांचा उपयोग पुष्कळदा एवढ्याशा फटीतून गळून जातो. आज त्या फटीविषयीच थोडे लिहावयाचे आहे.

आपल्या आदिलाबाद भागाला रेडिओ नवा नाही. निजामाच्या राजवटीत हैदराबादेहून ‘डेक्कन रेडिओ’ चालत असे. 1 एप्रिल 1950 रोजी तो आकाशवाणीत सामील झाला. पुढे दूरच्या मोठ्या केंद्रांनी सर्वांसाठी बोलण्यापेक्षा त्या त्या जिल्ह्याशी जिल्ह्यातूनच बोलावे, असा विचार मूळ धरू लागला. 1984 साली तमिळनाडूत नागरकोईल येथे पहिले स्थानिक केंद्र निघाले आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, 1986 मध्ये, आदिलाबादला आकाशवाणीचे केंद्र मिळाले. मोठमोठी शहरे वाट पाहत असताना आपल्या जंगलपट्टीला हा मान मिळाला, याचे मला आजही कौतुक वाटते. लहान केंद्राचा गुण हा की, तेथे बोलणाऱ्याला उटनूरच्या डोंगरात पावसाळ्यात वाट कशी असते, बेल्याच्या कापूसवेचणीच्या दिवसांत घरी कोण असते आणि कोण नसते, हे ठाऊक असू शकते.

मात्र या जिल्ह्यात एका वाक्याने सर्वांशी बोलता येत नाही. राज्यकारभाराची भाषा तेलुगू. बाजारात उर्दूही चालते. डोंगरात गोंडी आणि कोलामी, तांड्यावर बंजारा बोली, आणि पैनगंगेच्या बाजूच्या गावांतून आपली मराठी. आदिलाबाद केंद्रावरून गोंडीतूनही कार्यक्रम होतात, ही समाधानाची गोष्ट आहे. आपल्यापैकी बहुतेकांना तेलुगू समजते. पण समजणे निराळे आणि आजारी मुलाच्या उशाशी बसून ते आठवणे निराळे. संकटाच्या वेळी माणूस आईच्या भाषेत विचार करतो. जिवती आणि केरामेरी यांच्या दरम्यानच्या ज्या चौदा गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगण दोघेही हक्क सांगतात, तेथील बायांना विचारा; दोन्हीकडच्या सूचना ऐकून त्यातून आपल्यापुरते सार काढणे हे त्यांचे नित्याचे काम आहे.

आता पुण्याकडची एक जुनी हकीकत सांगतो. ती आपल्या मराठी मुलखातील असून तिचे महत्त्व अजून कमी झालेले नाही. 1956 साली युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीने तेव्हाच्या मुंबई राज्यातील पाच मराठी जिल्ह्यांत एक प्रयोग केला. दीडशे खेडी निवडली. प्रत्येक खेड्यात सुमारे वीस जणांचे श्रोतृमंडळ स्थापिले. आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास, असे दहा आठवडे कार्यक्रम झाले. पुणे केंद्रावरून शेती, आरोग्य आणि गावकारभार अशा विषयांवर भाषणे, संवाद आणि नाटुकली होत. मंडळाने ती एकत्र बसून ऐकावयाची, मग रेडिओ बंद करून आपसांत खल करावयाचा, आणि जे प्रश्न उरतील ते लिहून केंद्राकडे धाडावयाचे. त्यांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमात मिळत. ही पद्धत मूळची कॅनडातील शेतकऱ्यांची. “ऐका, चर्चा करा, कृती करा” हे तिचे सूत्र.

मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत तेव्हा असलेल्या पॉल न्यूरथ नावाच्या समाजशास्त्रज्ञाने या प्रयोगाची पाहणी केली. त्याने मंडळे असलेली गावे, मंडळ नाही पण रेडिओ आहे अशी गावे, आणि दोन्ही नाहीत अशी गावे यांची तुलना केली. मंडळांच्या गावी लोकांच्या माहितीत फार मोठी भर पडली, हे अपेक्षितच होते. विचार करावयास लावणारी गोष्ट पुढेच आहे. ज्या गावांत मंडळ नव्हते तेथे भर अगदी नाममात्र पडली, मग तेथे रेडिओ असो वा नसो! म्हणजे नुसता रेडिओ आणून ठेवणे आणि न ठेवणे यांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. फरक पडला तो बसून बोलण्याने, विचारण्याने. 1959 पासून सरकारने ही मंडळे देशभर काढली. पुढे ती हळूहळू मंदावली. रेडिओ घरोघर झाला, नंतर खिशात आला, आणि एकत्र बसण्याचे निमित्तच संपले. सोय वाढली, हे खरेच. पण त्या सोयीत आपण काय गमावले याचा हिशेब कोणी मांडला नाही.

मीठसाखरेच्या पाण्याचीच कथा पुढे नेऊ या; तिच्यात रेडिओचाही वाटा आहे. 1971 साली पूर्व बंगालमधून लाखो निर्वासित भारतात आले. बनगावच्या छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यावयाचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून ते रुग्णांना तोंडाने पाजावयास सांगितले. पाजणारे बहुतेक घरचेच लोक होते. शंभरात तीसजण दगावत होते, तेथे मृत्यूंचे प्रमाण चाराच्याही खाली, 3.6 वर आले. हे मिश्रण कसे करावयाचे याची पत्रके सीमेवर वाटली गेली आणि बांगलादेशाच्या एका गुप्त रेडिओ केंद्रावरूनही ती कृती सांगण्यात आली. डॉक्टर पोहोचू शकत नव्हते तेथे आवाज पोहोचला. महालनोबीस 2022 साली निवर्तले; मरणोत्तर त्यांना पद्मविभूषण मिळाले.

त्याच बांगलादेशात पुढे ‘ब्रॅक’ या संस्थेने 1980 ते 1990 या दशकात घरोघर बाया पाठवून एक कोटीहून अधिक मातांना हे पाणी करावयास शिकविले. तेथेही पहिला प्रश्न मापाचाच उभा राहिला. खेड्यातील सर्व घरांत सारखा चमचा कोठून असणार? तेव्हा त्यांनी तीन बोटांची चिमूटभर मीठ आणि मूठभर गूळ असे हाताचे माप ठरविले, आणि मातेकडून ते प्रत्यक्ष करवून घेतले. शिकविणाऱ्या बाईचा मोबदलाही मजेदार रीतीने ठरे. महिनाभराने दुसरा कोणी त्या घरी जाऊन मातेला किती लक्षात आहे ते पाही, आणि त्यावर तिचे पैसे! आमच्या सेमिनरीत व्याख्यात्यांना हा नियम लावला असता तर काहींची उपासमार झाली असती. असो.

ऐकलेले समजते ते कोणी मध्ये विचारणारा असला म्हणजे. मुंबई आकाशवाणीच्या ‘पुन्हा प्रपंच’मधील मीनावहिनी आणि टेकाडे भावोजी जुन्या पिढीला अजून आठवतात, याचे कारण तेथे उपदेश नव्हता, घरातले बोलणे होते, एकजण सांगे आणि दुसरा शंका काढी. आपल्याच राज्यात जहीराबादजवळ माचनूर येथे 15 ऑक्टोबर 2008 रोजी ‘संगम रेडिओ’ सुरू झाला. तो शेतमजुरी करणाऱ्या दलित स्त्रियांनी चालविला. सूक्ष्मध्वनीसमोर त्यांची शेजारीणच बसली म्हणजे वेड्यावाकड्या प्रश्नांची लाज कोणाला वाटावी?

तेव्हा पुढे कधी डॉक्टरांचा संवाद लागला, तर कोणते प्रश्न मनात तयार ठेवावेत याची दोन उदाहरणे देतो.

डेंग्यूविषयी बोलताना “साचलेले पाणी काढून टाका” असे सर्वच सांगतात. विचारावयाचे असे: पाणी ओतले की काम संपले काय? संपले नाही. हा डास आपली अंडी भांड्याच्या आतल्या कडेला, पाण्याच्या रेषेलगत चिकटवितो, आणि ती कोरड्या भांड्यात महिनोन्महिने तग धरतात. म्हणून रांजण, टाके, कूलर हे आठवड्यातून एकदा घासून कोरडे करावयाचे. आठवड्यातून एकदाच का? तर अंड्यापासून उडता डास होण्यास साधारण आठदहा दिवस लागतात, म्हणून. मच्छरदाणी रात्रीच लावावी काय? हिवतापाचा डास रात्री चावतो, हा दिवसा. म्हणून दुपारी झोपलेल्या तान्ह्या मुलालाही ती हवी. आणि सर्वांत महत्त्वाचे: ताप उतरला म्हणजे धोका टळला काय? नाही! या रोगात ताप उतरू लागतो तेच दोनतीन दिवस जपण्याचे. पोटात सारखे दुखणे, वांत्या न थांबणे, हिरड्यांतून रक्त येणे, यांपैकी काही दिसले तर रुग्णाला त्वरित इस्पितळात न्यावे. अंग मोडून येते म्हणून दुकानातून ॲस्पिरिन किंवा इबुप्रोफेनची गोळी आणून देऊ नये. त्यांनी रक्तस्राव वाढतो.

दुसरे उदाहरण सिकलसेलचे. आपल्या गोंड, कोलाम बांधवांत हा आजार पुष्कळ आढळतो, पण त्याच्याविषयी उघड बोलणे अवघड जाते, कारण बोलणे लगेच सोयरिकीपाशी येते. येथे रेडिओचा खरा उपयोग आहे: न दिसणाऱ्या आवाजाला, नाव न सांगता, प्रश्न विचारता येतो. “माझ्यात दोष आहे, पण मला तर काही त्रास नाही, मग मुलाला कसा होईल?” एकाच पालकाकडून गुण आला तर माणूस वाहक असतो आणि सहसा धडधाकट असतो. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात आजारी मूल होण्याचा संभव चारात एक. ‘प्रत्येक’ हा शब्द नीट ऐकावा. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन सुटली, असा त्याचा अर्थ नव्हे. यासाठी रक्ताची साधी तपासणी आहे. 1 जुलै 2023 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत चाळिशीच्या आतील सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे ठरले. बाईला दोष देऊन माहेरी धाडणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की, हा आजार मुलाला आईबाप दोघांकडून मिळून येतो, एकटीकडून कधीच नाही.

रेडिओला काय करता येत नाही, हेही स्पष्ट असावे. तेथील डॉक्टर रुग्णाची नाडी पाहू शकत नाही, जीभ पाहू शकत नाही. शेजाऱ्याच्या लक्षणांसाठी सांगितलेली गोळी आपल्या घरी आणून चालत नाही. साप चावला असता कार्यक्रमाची वाट पाहावयाची नसते आणि आवळून बांधावयाचे अथवा चिरावयाचेही नसते. तो अवयव न हालविता माणसाला इस्पितळात पोहोचवावयाचे. 108 हा क्रमांक पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर चालतो.

आमच्या येथील मातांच्या मंडळाने आता एक वही घातली आहे. आठवड्यातून एकदा त्या एका ओसरीवर बसतात. ज्यांना तेलुगू चांगले येते त्या इतरांना सांगतात. न उमगलेले वहीत उतरते आणि ते आशाताईंना, नाही तर टपालाने केंद्राला विचारले जाते. वहीतील पहिला प्रश्न त्या आजींचाच आहे. दुसरा त्यांच्या सुनेने घातला: “क्षारांचे पाकीट लहान असेल तर पाणी किती घ्यायचे?” विचारणे योग्यच होते, कारण मोठे पाकीट लिटरभर पाण्याचे असते आणि लहान एका पेल्याचे, म्हणजे 200 मिलिलिटरचे. जे आणाल त्यावर छापलेले वाचावे, पाकीट पुरे रिकामे करावे, अर्धे घालून उरलेले ठेवू नये, आणि केलेले पाणी चोवीस तासांनंतर टाकून द्यावे. मुलाला ते घोटघोट पाजावे. वांती झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू करावे. आईचे दूध मात्र मुळीच बंद करावयाचे नाही.