नेरच्या शिवारातून : कपाशी, अळी आणि बुरशी यांच्या संशोधनाचा पाव शतकाचा मागोवा

अमरावतीहून नांदगाव खंडेश्वरमार्गे यवतमाळला जाणाऱ्या वाटेवर नेर परसोपंत हे तालुक्याचे गाव लागते. आणि खरिपाच्या हंगामात ह्या तालुक्याच्या शिवारात पाऊल टाकणाऱ्यास जी तीन पिके प्रामुख्याने दिसतात, म्हणजे कपाशी, तूर आणि सोयाबीन, त्या तिन्हींच्या अंतरंगात गेल्या पाव शतकात विज्ञानाने जितका खोल प्रवेश केला तितका त्यापूर्वी कधीच केला नव्हता. सोयाबीनचा जनुकसंच २०१० साली वाचून झाला, तुरीचा त्यानंतर दोन वर्षांच्या आत, देशी कपाशीचा २०१४ साली आणि अमेरिकी कपाशीचा २०१५ साली. परंतु ज्या काळात वनस्पतीच्या पेशीतील अक्षर न् अक्षर लावले गेले, त्याच काळात यवतमाळ जिल्ह्यातील कास्तकाराच्या वाट्याला बोंडअळी आली, कर्ज आले आणि फवारणीच्या विषाने झालेले मृत्यूही आले. ह्या विसंगतीचे कारण विज्ञान निष्फळ ठरले, असे मला वाटत नाही. पिकाच्या पेशीत काय आहे ह्याचा शोध घेणारे संशोधन आणि ते पीक कोणत्या जमिनीत, किती दिवस, कोणाच्या सोबतीने उभे राहते ह्याचा शोध घेणारे संशोधन, अशा दोन धारा सतत वाहत होत्या. पहिलीला बाजार मिळाला, दुसरी अहवालांत राहिली. हा मागोवा मुख्यत्वे ह्या दुसऱ्या धारेसाठी आहे.

वऱ्हाडचा कापूस मुळात देशी जातीचा. मूर्तिजापुराहून दारव्ह्यावरून यवतमाळपर्यंत जी अरुंद मापाची रेल्वे १९०३ च्या सुमारास धावू लागली, ती ह्याच कापसाच्या गाठी वाहून नेण्यासाठी. देश स्वतंत्र झाला त्या वेळी भारतातील कपाशीच्या क्षेत्रापैकी सुमारे ९७ टक्के क्षेत्र देशी वाणांखाली होते. आखूड धाग्याचा, परंतु पावसाचा ताण सोसणारा हा कापूस गिरण्यांना पुरेसा वाटेना. लांब धाग्यासाठी अमेरिकी कपाशीची सरबराई सुरू झाली, आणि १९७० साली सुरत येथे डॉ. सी. टी. पटेल यांनी एच-४ हा संकरित वाण दिल्यावर भारताने एक असा मार्ग धरला, जो कपाशी पिकवणाऱ्या इतर बहुतेक देशांनी धरला नाही. तेथे सरळ वाण दाटीने पेरतात. येथे संकरित बियाणे, महाग असल्यामुळे, विरळ लावतात आणि प्रत्येक झाडाकडून मोठ्या उत्पन्नाची अपेक्षा करतात. असे झाड मोठे होते, दीर्घकाळ फुलत राहते, आणि त्याचे बी पुढल्या साली ठेवता येत नाही. पुढे जे घडले त्याचे मूळ मी ह्या निवडीत पाहतो.

मार्च २००२ मध्ये केंद्र शासनाच्या समितीने जालन्याच्या महिको कंपनीच्या तीन बीटी संकरित वाणांना परवानगी दिली. बॅसिलस थुरिंजिएन्सिस ह्या मातीतील जीवाणूचे एक जनुक कपाशीत घातले असता पानाफुलांत असे प्रथिन तयार होते, की जे अळीच्या आतड्यातील विशिष्ट ग्राहकांना चिकटून त्या आतड्याची भित्ती फोडते, आणि मनुष्याच्या वा गुराच्या आतड्यात तसे ग्राहक नसल्यामुळे त्यांना ते अपाय करीत नाही. हे न्यायाने सांगितलेच पाहिजे, की आरंभीची काही वर्षे हा उपाय लागू पडला. अमेरिकन बोंडअळी, जिने नव्वदच्या दशकात फवाऱ्यांमागून फवारे घ्यायला लावले होते, ती ओसरली. आणि २००६ साली दोन जनुके असलेले बियाणे आल्यावर ही मोहीम जणू फत्ते झाल्याचे वातावरण निर्माण झाले.

परंतु गुलाबी बोंडअळीची रीत निराळी आहे. सॉन्डर्स ह्या कीटकशास्त्रज्ञाने १८४३ साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले ते भारतातील कपाशीवर सापडलेल्या नमुन्यांवरून. म्हणजे ती ह्या मुलखाची जुनी रहिवासी. अमेरिकन बोंडअळी तूर, हरभरा, टोमॅटो अशा अनेक पिकांवर जगते, आणि त्यामुळे बीटीच्या विषाशी कधीही संबंध न आलेले पतंग तिच्या कुळात नेहमी शिल्लक राहतात. गुलाबी अळीचा निर्वाह जवळजवळ कपाशीवरच होतो, आणि शिवारातील सगळी कपाशी बीटी झाली म्हणजे तिला विषापासून मोकळा असा कोपरा उरत नाही. असा कोपरा राहावा म्हणूनच ४५० ग्रॅम बियाण्याच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाण्याची पुडी देण्याचा नियम झाला. ती धुऱ्याने पेरायची, तेथे विषाला बळी पडणारे पतंग वाढू द्यायचे, आणि त्यांच्या समागमाने प्रतिकारक्षम पतंगांची संतती पुन्हा दुबळी करायची, हा त्यामागचा हिशेब शास्त्रशुद्ध होता. परंतु चार-पाच एकर कोरडवाहू जमिनीच्या धन्याने त्यातील काही तासे जाणूनबुजून अळीला द्यावीत, अशी ती अपेक्षा होती, आणि त्या तोट्याची भरपाई कोणी करणार नव्हते. पुड्या बहुधा पेरल्याच गेल्या नाहीत. ह्यात कास्तकाराचा कसूर मानण्यास मी तयार नाही.

पहिल्या जनुकाविरुद्धचा प्रतिकार गुजरातमध्ये २०१० पूर्वीच दिसला. दुसऱ्या जनुकाला न जुमानणारी अळी २०१४ नंतर तेथेच आढळू लागली, आणि २०१७ च्या हंगामात विदर्भात बोंडे फोडून पाहिली असता आत किडलेल्या सरक्यांचे दर्शन सरसकट होऊ लागले. ह्या प्रतिकाराचे कारण रेणूंच्या पातळीवर उलगडण्याचे काम अमेरिकेतील व भारतातील संशोधकांनी केले. कॅडहेरिन नावाच्या ज्या प्रथिनाला पहिले विष चिकटते, त्याच्या जनुकाचा संदेश भारतातील अळ्यांत नाना प्रकारे चुकीचा जोडला जातो, असे २०१४ साली प्रसिद्ध झाले. आणि दुसऱ्या विषाच्या बाबतीत एबीसीए-२ ह्या निराळ्या प्रथिनाची अशीच मोडतोड २०१८ साली दाखवून देण्यात आली. विष तेच राहिले. त्याला धरून ठेवणारा अळीच्या आतड्यातील हात मात्र नाहीसा झाला.

ह्या सगळ्या इतिहासातील जो भाग मला सर्वांत विचार करण्याजोगा वाटतो, तो मेंडेलच्या नियमाशी संबंधित आहे, आणि नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत, जिची स्थापना १९७६ साली झाली, दीर्घकाळ काम केलेले व तिचे संचालक राहिलेले डॉ. केशव क्रांती यांनी तो वारंवार मांडला आहे. बीटी संकरित झाडाला ती जनुके आईबापांपैकी एकाकडूनच मिळालेली असतात. म्हणून त्या झाडाच्या बोंडात जे बी धरते त्यात ती विभागली जातात. दोन जनुकांचा हिशेब केला तर सोळा सरक्यांपैकी नऊंत दोन्ही विषे, तीनांत एक, तीनांत दुसरे, आणि एकीत कोणतेच नाही, असे प्रमाण पडते. गुलाबी अळी पान खात नाही, ती बोंडात शिरून सरकीच खाते. म्हणजे एकाच बोंडात तिला विषाची सवय पायरीपायरीने होण्याची सोय आपणच करून ठेवली होती. सरळ वाणात हे घडले नसते, कारण तेथे प्रत्येक सरकीत पूर्ण मात्रा राहिली असती.

नवल असे, की मेंडेलचा हाच नियम चीनमध्ये तारक ठरला. यांग्त्से नदीच्या खोऱ्यातील शेतकऱ्यांनी संकराच्या दुसऱ्या पिढीचे स्वस्त बियाणे पेरायला सुरुवात केली. त्यामुळे त्यांच्या शेतातील चारांपैकी एक झाड अख्खेच्या अख्खे बिगर-बीटी निघू लागले, विषापासून मोकळी अशी झाडे आपोआप शेतभर विखुरली गेली, आणि सहा प्रांतांतील ११ वर्षांच्या निरीक्षणांवर आधारलेल्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अळीचा वाढत चाललेला प्रतिकार मागे फिरल्याचे दिसले. विषाचा भेद एका झाडाच्या सरक्यांत पडतो की झाडाझाडांत पडतो, एवढ्या फरकाने एका देशात प्रतिकार पोसला गेला आणि दुसऱ्यात आवरला गेला. अमेरिकेने बीटी कपाशीबरोबर कामगंध सापळे आणि वंध्य केलेल्या पतंगांचे मोठ्या प्रमाणावर प्रसारण अशी जोड दिली, आणि २०१८ साली तेथे गुलाबी बोंडअळीचे उच्चाटन झाल्याचे अधिकृतपणे जाहीर झाले.

त्याच्या आदल्याच वर्षी, २०१७ च्या पावसाळ्यात व त्यानंतर, यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मरण पावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या साली झाडे पुरुषभर उंच व दाट वाढली होती. त्यांच्या गर्दीत शिरून, पाठीवर पंप घेऊन, मुखावरणाशिवाय डोक्याच्या उंचीवर फवारा मारावा लागला म्हणजे तो अंगावर आणि श्वासात येतो, हे सांगायला प्रयोगशाळेची आवश्यकता नाही. जे बियाणे फवारे कमी करण्यासाठी आले, त्याच्या शेतात पंधरा वर्षांनी हे घडले, ह्याची वेदना ज्याला होत नाही त्याने कृषिविज्ञानावर लिहू नये, असे मला वाटते. क्रांती व अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ ग्लेन स्टोन यांनी मार्च २०२० मध्ये वीस वर्षांची आकडेवारी तपासून असे मत नोंदवले, की उत्पन्नातील वाढीचे श्रेय बीटीपेक्षा खत, सिंचन इत्यादी कारणांना अधिक जाते, आणि कीटकनाशकांवरील खर्च बीटीपूर्व काळापेक्षाही वर गेला आहे. ह्या निष्कर्षांवर तज्ज्ञांत मतभेद आहेत. परंतु खर्च किती वाढला, हे नेरच्या कृषी केंद्रातील उधारीच्या वहीवरूनही कळते.

आता दुसऱ्या धारेकडे वळू. नागपूर येथील संस्थेने आणि १९६९ साली अकोल्यास स्थापन झालेल्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने सघन लागवडीचे जे प्रयोग केले, त्यांत सूरज, एकेएच-०८१ यांसारखे ठेंगणे व लवकर येणारे सरळ वाण दाटीने पेरण्यात आले. झाडाला बोंडे थोडीच, परंतु झाडे पुष्कळ. आणि ती बोंडे थोड्या मुदतीत एकदमच फुटणारी. हलक्या, उथळ जमिनीत पाऊस ऑक्टोबरात सरला की ओल संपते. तेथे दीर्घ मुदतीच्या संकरित झाडाची शेवटची बोंडे पोसतच नाहीत. आणि गुलाबी अळीचा जोर तर हंगामाच्या उत्तरार्धातच असतो. डिसेंबरपर्यंत शेत मोकळे झाले, फरदड ठेवली नाही, पऱ्हाट्या रानात रचून ठेवल्या नाहीत, तर सरकीत सुप्तावस्थेत राहून पुढल्या सालच्या पहिल्या फुलांत डोमकळ्या करणारी पिढी तुटते. हे ज्ञान जनुकशास्त्राइतकेच विज्ञान आहे. परंतु सरळ वाणाचे बी कास्तकार घरी ठेवू शकतो, म्हणून ते विकण्यात व्यापाऱ्याला रस नाही. ते पसरवण्याची जबाबदारी ज्या सार्वजनिक यंत्रणेची होती तिने ती पुरेशा नेटाने पार पाडली नाही.

बुरशीची हकीकत थोडक्यात सांगतो, कारण ती आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. तुरीच्या मर रोगाचे कारण असलेल्या बुरशीला पुसा येथील संशोधक एडविन बटलर याने १९१० साली फ्युजेरियम उडम हे नाव दिले. ही बुरशी मुळांतून शिरून पाण्याच्या वाहिन्या बंद करते आणि पीक निघून गेल्यावरही मातीत वर्षानुवर्षे राहते. तिला तोंड देणारे वाण आले, बदनापूरचे बीएसएमआर ७३६ हे आपल्या राज्यातील त्यांपैकी एक. परंतु पाटणचेरू येथील आंतरराष्ट्रीय संस्थेच्या प्रयोगांत असेही दिसले, की तुरीसोबत ज्वारी घेतली असता मरीचे प्रमाण पुष्कळ घटते. आपल्या वाडवडिलांची ज्वारी-तुरीची मिश्र पेरणी आता ह्या भागात सोयाबीनने मागे सारली आहे, आणि तिच्याबरोबर हे फुकटचे औषधही गेले.

दुसरी बुरशी मित्र आहे. ऑगस्ट-सप्टेंबरच्या दमट दिवसांत सोयाबीनच्या पानांवर पांढऱ्या पडून ताठरलेल्या, नंतर फिकट हिरव्या भुकटीने माखलेल्या अळ्या दिसतात. त्या मेटारायझियम रिलेयी ह्या बुरशीने मारलेल्या असतात. पूर्वी तिला नोमुरिया म्हणत. जनुकीय नाते तपासल्यावर २०१४ साली ती ह्या कुळात आली. तिचे बीजाणू अळीच्या त्वचेतूनच आत शिरतात, त्यामुळे अळीने ती खाण्याची गरज नसते. ओलावा टिकला तर ती शेतभर पसरते. आणि आपण त्याच सुमारास बुरशीनाशक मारले तर तिलाही मारतो. अशा अळ्या शेतात पुष्कळ दिसल्या तर पुढचा फवारा थांबवता येईल का, हे पाहणे प्रत्येक कास्तकाराच्या आवाक्यातले आहे.

जनुकसंचांच्या वाचनातूनही एक गोष्ट आपल्या उपयोगाची हाती आली आहे. अमेरिकी कपाशी ही दोन वंशांच्या प्राचीन मीलनातून जन्मली आणि त्यांपैकी एक वंश आपल्या देशी कपाशीचा निकट आप्त आहे. म्हणजे रसशोषक किडी व दुष्काळ सोसण्याचे गुण देशी कपाशीत का आहेत, हे आता अक्षरशः ओळ धरून शोधता येईल. ह्या शोधाचे फळ हाती येण्यास वेळ लागेल. तोवर नेर तालुक्यातील हलक्या आणि भारी अशा दोन्ही जमिनींवर लवकर येणारे सरळ वाण, देशी कपाशी, आणि ज्वारीसह तूर यांचे प्रयोग सलग काही हंगाम कास्तकारांच्याच शेतांत व्हावेत, तोटा आल्यास त्याची भरपाई शासनाने द्यावी, आणि प्रत्येक शेताचा खर्च, फवारे व उत्पन्न यांच्या नोंदी तालुका कृषी अधिकाऱ्याच्या कचेरीत ज्याला हव्या त्याला पाहता याव्यात, अशी माझी मागणी आहे.