सीबीसीच्या कागदावरचा इशारा

लेकराला ताप आला, न्यूमोनिया झाला की डॉक्टर सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीची तपासणी, लिहून देतात. औशासारख्या तालुक्याच्या गावातल्या साध्या लॅबमध्येही ती होते. रिपोर्ट हातात आला की नजर हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट्सवर जाते. लिम्फोसाइट्स या पांढऱ्या पेशींची टक्केवारी तिथेच छापलेली असते, पण तिचा हिशेब क्वचितच होतो. चार महिन्यांच्या बाळाच्या एकूण पांढऱ्या पेशी ६,००० आणि लिम्फोसाइट्स २० टक्के असतील, तर लिम्फोसाइट्स भरतात १,२००. या वयात हा आकडा साधारण ३,०००च्या वर हवा. पुन्हा तपासूनही तो कमीच आला, तर ‘स्किड’ या जन्मजात प्रतिकारदोषाची शंका घ्यायलाच हवी.

असे साडेचारशेहून अधिक जनुकीय दोष आता माहीत आहेत. कुणात लिम्फोसाइट्स तयारच होत नाहीत, कुणात पेशी असतात पण जंतू मारू शकत नाहीत, तर कुणात प्रतिपिंडे बनत नाहीत. प्रतिपिंडांच्या अभावाचे पहिले वर्णन अमेरिकी डॉक्टर ऑग्डेन ब्रूटन यांनी १९५२मध्ये केले. असे बाळ पहिले काही महिने ठणठणीत दिसते, कारण आईकडून आलेली प्रतिपिंडे त्याला सांभाळतात. ती संपली की आजारपणांची रांग लागते.

आपल्या भागात दोन गोष्टी ध्यानात ठेवायला हव्यात. पहिली, मामाच्या किंवा आत्याच्या घरी सोयरीक करण्याची रीत. आईवडील दोघांकडे एकच सदोष जनुक असण्याची शक्यता अशा लग्नात वाढते. काही दोष मात्र आईकडून मुलग्यांत येतात, तिथे नात्यातल्या लग्नाचा संबंध नसतो. दोन्हींत दोष कुणाचाच नसतो. सुनेला बोल लावणे हा तर निव्वळ अन्याय आहे. दुसरी गोष्ट लसींची. बीसीजी आणि तोंडावाटे दिली जाणारी पोलिओ लस या जिवंत लसी आहेत. लाखो बाळांना त्या वाचवतात, पण स्किड असलेल्या बाळाच्या अंगात बीसीजीचे जंतू पसरू शकतात.

या दोषांवर उपचार आहेत. स्किडच्या बाळावर अस्थिमज्जा प्रत्यारोपण १९६८मध्येच यशस्वी झाले. ते जितक्या लवकर, तितके बरे. प्रतिपिंडे नसलेल्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी इम्युनोग्लोब्युलिन शिरेतून द्यावे लागते, किलोमागे ४०० ते ६०० मिलिग्रॅम. म्हणजे वीस किलोच्या मुलाला दर वेळी आठ ते बारा ग्रॅम, आणि तेही बहुधा जन्मभर. हे औषध हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मापासून बनते. ते महाग असते आणि सगळीकडे मिळतही नाही.

म्हणूनच या घरांना डॉक्टरांइतकीच संस्थेची गरज असते. अमेरिकेत जेफ्री मॉडेल हा पंधरा वर्षांचा मुलगा १९८६मध्ये अशाच आजाराने गेला. विकी आणि फ्रेड या त्याच्या आईवडिलांनी पुढच्याच वर्षी त्याच्या नावाने संस्था काढली. धोक्याच्या दहा लक्षणांची तिची यादी जगभर वापरली जाते. वर्षात दोनदा न्यूमोनिया, वजन न वाढणे, पुन्हा पुन्हा होणारी खोल गळवे आणि तोंडातली न जाणारी बुरशी ही त्यांतलीच. भारतातही ‘इंडियन पेशंट्स सोसायटी फॉर प्रायमरी इम्युनोडेफिशियन्सी’ ही रुग्ण आणि पालकांची संघटना आहे. औशाहून मुंबईत परळला निघालेल्या बापाला मजुरी बुडवून किती दिवस राहायचे, कोणते कागद न्यायचे, पुढचा डोस कुठे मिळेल हे विचारायचे असते. याची उत्तरे त्याच वाटेने गेलेले आईबाप सर्वांत नेमकी देतात.

परळलाच, केईएम रुग्णालयाच्या आवारात, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्था या आजारांचे निदान करते. दुर्मीळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणातले केईएम हे एक उत्कृष्टता केंद्र आहे. २०२१च्या या धोरणात स्किडसाठीचे प्रत्यारोपण आहे. अशा केंद्रांत रुग्णामागे ५० लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. पण निदानच झाले नाही, तर ही तरतूद लेकरापर्यंत पोहोचत नाही.

तालुक्यातल्या डॉक्टरांना विनंती आहे, की तान्ह्या बाळाच्या सीबीसीत तो एक गुणाकार जरूर करा. आणि ज्या घरात एखादे बाळ जंतुसंसर्गाने दगावले असेल, त्या घराने पुढच्या बाळाला बीसीजी देण्याआधीच ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालावी.